पिशवीतली दोन वजने

मजुरीच्या हिशोबात पाच-सात मिनिटे इकडची तिकडे झाली, तर त्यात अन्याय तो कसला? असे एखादा सज्जन मालकही विचारील. प्रश्न लहान दिसतो. पण अमेरिकेत त्यावर न्यायालयांत पुष्कळ वाद झाले आहेत.

तेथे 1938 साली किमान वेतनाचा व कामाच्या तासांचा कायदा झाला. पुढे 1961 च्या नियमांनी मालकांना मुभा दिली की, येण्याजाण्याची वेळ जवळच्या पाच मिनिटांत, सहा मिनिटांत किंवा पाव तासात धरावी. पाव तासाची रीत असेल, तर वरची सात मिनिटे सुटतात आणि आठव्या मिनिटाला पुरा पाव तास मिळतो. अट एवढीच की, काही काळाचा हिशोब पाहता कामगाराला त्याच्या सर्व कामाचा मोबदला मिळालेला असावा. उशीर झाला की कापायचे आणि जास्त थांबला की विसरायचे, हे तेथेही बेकायदा आहे.

2021 साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने जेवणाच्या सुटीपुरती ही मुभा नाकारली. त्या खटल्यातले एक उदाहरण बोलके आहे. कामगार 11.02 ला जेवायला उठला आणि 11.25 ला परतला, तरी हिशोबात 11 ते 11.30 अशी सुटी लागे. 23 मिनिटांची 30 झाली! हिशोब हाताने लिहीत तेव्हा अशी सवलत समजण्याजोगी होती. यंत्र मिनिट न् मिनिट टिपत असता तिची गरज काय?

आपल्या देशातही 1936 च्या वेतन कायद्याने सर्वसाधारण नियम घातला होता की, गैरहजेरीची कपात गैरहजेरीच्या वेळेच्या प्रमाणाबाहेर जाऊ नये.

कायदा सरासरी पाहतो. पण कोणाच्याही घरची चूल सरासरीवर पेटत नाही. रोजची सहा मिनिटे गेली, तर पंचवीस दिवसांत अडीच तासांची मजुरी जाते. अनुवादाच्या पंचविसाव्या अध्यायात पिशवीत लहानमोठी दोन वजने बाळगण्यास मनाई आहे. घेण्याचे वजन एक आणि देण्याचे दुसरे, हीच ती लबाडी.

आणि आम्ही? आमच्यातले थोडेच कारखानदार आहेत. पण घरी भांडी घासायला येणारी बाई पुष्कळांकडे असते. ती दहा मिनिटे उशिरा आली की आमची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे जाते. पाहुणे आले म्हणून तिला अर्धा तास अधिक थांबवले, तेव्हा मात्र घड्याळ आठवत नाही. दोन वजने आमच्याही पिशवीत आहेत.

द्राक्षमळ्याच्या धन्याने शेवटच्या तासाला आलेल्यालाही पुऱ्या दिवसाची मजुरी दिली. त्याचे औदार्य आम्हांला साधेल तेव्हा साधो. निदान मोजून घेतलेले मोजून तरी देऊ या. आणि मिनिटे मोजता येत नसतील, तर उरलेली मिनिटे कष्ट करणाराच्या पदरात टाकू या.