सांधे आधी, सुटे भाग नंतर

पुणे, रविवार सकाळ

चिंगी,

तुझी सायकलीच्या भागांची यादी मिळाली. फोनवर वाचताना डोळे दुखले म्हणून खालच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणली आणि दोन कप चहा होईपर्यंत तांबड्या पेनाने खुणा करत बसलो. एकवीस वस्तू, प्रत्येकीपुढे किंमत, शेवटी बेरीज आणि बेरजेखाली ‘मामा, कसं वाटतंय?’ खरं सांगू? एकेक वस्तू सुटी बघितली तर नाव ठेवायला जागा नाही. पण त्यातल्या तीन जोड्या एकमेकींत बसतच नाहीत. साखरपुड्याआधी कळलं, हे बरं झालं.

आधी पैशाचं उरकून टाकतो. सुटे भाग आणून बांधलेली सायकल तयार सायकलीपेक्षा स्वस्त पडत नाही. कारखाना ब्रेक नि गिअर हजारांनी उचलतो, तू एक उचलणार. त्याचा भाव तुला कुणी देणार नाही. वर बाहेरून मागवलेल्या मालावर ड्यूटी, कुरिअर, आणि ‘हा बोल्ट वेगळा घ्यावा लागेल’ असले किरकोळ खर्च, जे शेवटी किरकोळ राहत नाहीत. तेव्हा बचत हा हेतू असेल तर तयार गाडी घे, मी रागावणार नाही. पण तुझ्या उंचीची धड गाडी दुकानात मिळत नाही ही तुझी तक्रार खरी आहे, आणि तेवढ्या एका कारणासाठी मी या उद्योगात तुझ्या बाजूने आहे.

शिवाय माउंटन बाइकचा जन्मच जुळवाजुळवीतून झालाय. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियात, मरीन परगण्यातल्या टॅमलपाईस डोंगरावर काही पोरं तीस-चाळीस सालातल्या जुन्या श्विन सायकली घेऊन धुरळ्याच्या वाटेने खाली सुटायची. ब्रेक मागच्या हबाच्या पोटात, पायडल उलटं दाबलं की लागणारा. खाली पोचेपर्यंत हब इतका तापायचा की आतल्या ग्रीसचा धूर व्हायचा. पुन्हा उतरायचं तर हब खोला, नवं ग्रीस भरा. 1976 साली त्यांनी शर्यत सुरू केली, तिचं नाव यावरूनच पडलं ‘रिपॅक’. त्यांच्यातल्या गॅरी फिशरसारख्यांनी त्या धुडाला ड्रम ब्रेक, मोटारसायकलचे ब्रेक लिव्हर आणि गिअर जोडले. खास या कामासाठी नवी फ्रेम त्यांच्यातल्याच जो ब्रीझने केली ती 1977 मध्ये. म्हणजे आधी जुगाड, मग फ्रेम. आईने ‘हे असलं काय बांधत बसायचं’ म्हटलं तर तिला हे सांग. पटणार नाही, पण विषय बदलेल.

आता तुझ्या यादीकडे. माझी सगळी नोकरी भोसरीच्या टूलरूममध्ये गेली. तिथे नवा पोरगा आला की त्याला पहिल्या दिवशी यंत्र दाखवत नसत, गेज हातात देत. भोकात दांडा बसतो का ते आधी, दांडा किती चकाकतो ते नंतर. सायकलीचंही तेच. तू भाग निवडलेस, मी सांधे बघतोय.

पहिला सांधा मागच्या चाकाचा. तुझी फ्रेम ‘बूस्ट’ आहे, म्हणजे मागे 148 मिलिमीटर जागा. तू निवडलेला हब 142 चा. सहा मिलिमीटर, म्हणजे दोन्ही बाजूंना तीन-तीन. ऐकायला काहीच नाही. मला विचार! आठ वर्षांपूर्वी मी हीच चूक उलटी केली: फ्रेम 142 ची, चाक 148 चं, आणि दोन्ही पैसे मोजून घरात आल्यावर मापली. नोकरीभर मायक्रोमीटर वापरलेला माणूस! फ्रेम थोडी फाकवून बसेल असा विचारही मनात येऊन गेला, पण ॲल्युमिनियम तसं फाकत नाही, तडकतं. ते चाक अजून माळ्यावर आहे. तुझ्या मामीने त्यावर पापडांचं प्लॅस्टिक वाळत घातलेलं मी पाहिलंय. हे तीन-तीन मिलिमीटर कुणी हौसेने वाढवलेले नाहीत, बरं का. चाकं मोठी झाली तशा हबाच्या कडा लांब नेल्या की तारा जास्त तिरक्या बसतात आणि चाक आडवं लचकत नाही. त्यासाठी साखळीची रेषाही तीन मिलिमीटर बाहेर सरकते, म्हणून पुढचं चक्रसुद्धा बूस्टच्या मापाचंच घ्यायचं. एक माप बदललं की चार मापं हलतात ती अशी.

दुसरा सांधा याच हबावर. तू शिमानो डिओरची बारा गिअरची 10 ते 51 दातांची कॅसेट लिहिलीयस. तिचं सर्वांत लहान चक्र दहा दातांचं, ते जुन्या पद्धतीच्या फ्रीहबवर, म्हणजे हबाच्या ज्या भागावर कॅसेट चढते त्यावर, मावतच नाही. त्याला मायक्रो स्प्लाईन नावाचा वेगळा फ्रीहब लागतो. तुझा हब जुन्या पद्धतीचा आहे. 148 चा हब तर घ्यायचाच आहे, पण एका दातासाठी त्याचा फ्रीहबही वेगळा शोधायचा? मी शोधणार नाही. डिओरचीच अकरा गिअरची 11 ते 51 घे. ती साध्या फ्रीहबवर बसते आणि घाट चढायला लागतं ते मोठं 51 चं चक्र तिच्यातही आहेच. उतारावर तू त्या दहा दातांच्या चक्राने कुणाशी शर्यत लावणार आहेस?

पुढचं चक्र 34 चं लिहिलंयस, ते 30 कर. हिशेब करून बघ: 30 ला 51 ने भागलं आणि साडेसत्तावीस इंची चाकाच्या सव्वादोन मीटरला जरा कमी अशा घेराने गुणलं की पायडलच्या एका फेऱ्यात गाडी सुमारे 1.3 मीटर पुढे जाते. मिनिटाला साठ फेरे मारलेस तर ताशी साडेचार किलोमीटरच्या जरा वर. चालण्याचाच वेग. पण यवतेश्वरच्या घाटात पाठीवर सॅक घेऊन, पावसात, चालण्याच्या वेगाने का होईना बसून चढता येणं ही चैन आहे.

तिसरी जोडी स्टेम आणि हँडलची. स्टेम 35 मिलिमीटरच्या पकडीचा, हँडल 31.8 चं. मधे पत्र्याची पट्टी घालून चालतं असं कुणी सांगेल. त्याचं ऐकू नकोस, दात तुझे जातील. दोन्ही 31.8 घे.

आता मापाचं, कारण खरा घोळ तिथे आहे. तू पाच फूट दोन इंच, वजन पन्नास किलो, आणि यादी मात्र कुणा सहा फुटी गड्याची उतरवून काढल्यासारखी. हल्ली सगळे एकोणतीस इंची चाकाचं गुणगान करतात आणि खड्ड्यादगडांवर ते मोठं चाक सरस चालतं यात वाद नाही. पण लहान फ्रेमवर ते मागे सीटखाली आणि पुढे बुटाच्या टोकाशी दाटी करतं. तुला साडेसत्तावीस. मित्र हसले तर हसू दे. फ्रेम मीडियम नको, स्मॉल. आणि नुसतं लेबल बघू नकोस, ‘रीच’चा आकडा बघ: उभं राहून चालवताना हँडल किती लांब पडेल ते त्यावरून कळतं. फ्रेमच्या दोन्ही बाजूंना पाय टेकून उभी राहिलीस की वरच्या नळीत आणि तुझ्यात चार बोटं जागा हवी. क्रँक 175 ऐवजी 165 मिलिमीटर. त्या दहा मिलिमीटरने गुडघ्यावरचा ताण उतरतो आणि दगडाला पायडल घासतही नाही. हँडल 780 रुंद घेतलंयस, घे, पण महिनाभर चालवून दोन्ही बाजूंनी थोडं थोडं काप. एकदम कापू नकोस. कापलेलं परत वाढत नाही.

पुढचा फोर्क, म्हणजे आपल्या सायकलवाल्यांचा चिमटा, तू 150 मिलिमीटर हालचालीचा घेतेस. फ्रेम 120 साठी केलेली आहे. लांब चिमट्याने गाडीचं तोंड वर होतं, चढावर पुढचं चाक भरकटतं, आणि नळीच्या सांध्यावर जो ताण येतो तो फ्रेम करणाऱ्याने धरलेला नसतो. 120 चा, आणि हवेवर चालणारा घे. स्प्रिंगवाला साधारण सत्तर-ऐंशी किलोच्या माणसासाठी असतो. तुझ्या पन्नास किलोला तो जागचा हलणार नाही, म्हणजे दोन किलो लोखंड उगाच वाहायचं. हवेचा असला की तू बसल्यावर पंचवीसेक मिलिमीटर दबेल इतकीच हवा ठेवायची.

पैसे कुठे कमी करायचे विचारलंस. मागच्या डिरेलरवर, सीटपोस्टवर, पायडलवर कर. टायर आणि ब्रेकवर करू नकोस. जमिनीला लागतात ती दोन टायरं, बाकी सगळी गाडी हवेत असते. पुढचं टायर 2.4 इंची, मोठ्या गुठळ्यांचं. अजिंक्यताऱ्याच्या बाजूचा सुटा मुरूम आणि पावसाळ्यातलं जांभ्यावरचं शेवाळ तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. (कासच्या पठारावर चाक घालायचं नाही, हे तुला सांगायला नको.) ट्यूबलेस कर, बाभळीच्या काट्यांना तोच उपाय. फक्त आतलं सीलंट आपल्या उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत वाळतं, तेव्हा गुढीपाडव्याला आठवणीने भर.

ब्रेक हायड्रॉलिक. लिव्हर बोटांजवळ आणायचा स्क्रू असलेलेच घे, तुझे हात लहान आहेत. आणि तेलाची बाटली बदल. शिमानोच्या ब्रेकला मिनरल ऑइल लागतं, तू डॉट लिहिलंयस. ते चुकून आत गेलं की रबरी सीलं फुगतात आणि ब्रेक कामातून जातो.

एक गोष्ट तू न विचारता बरोबर केलीस: आट्यांची बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँक ज्यावर फिरते ती बेअरिंगची जोडी, असलेली फ्रेम. दाबून बसवायच्या बेअरिंगात पावसाचा चिखल शिरला की गाडी दर फेऱ्याला कुरकुरते. आट्यांची असली की घरी काढली, पुसली, ग्रीस लावून परत बसवली.

ती बसवताना मात्र मी शेजारी असेन. उजव्या बाजूचे आटे उलटे असतात. पायडल मारताना बेअरिंगाच्या रेट्याने तो कप सुटू नये म्हणून कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी डोकं चालवून तसं केलंय. आधी आटे चिंधीने पुसायचे, जुन्या टूथब्रशने ग्रीस लावायचं. मग कप टेकवून आधी भलत्या दिशेने, म्हणजे सुटायच्या बाजूने, हळूच फिरवायचा. कुठेतरी बोटांना बारीकसं ‘टक’ जाणवतं, आट्याचं तोंड आट्याला मिळाल्याचं. तिथून बसायच्या दिशेने. तीन फेरे नुसत्या बोटांनी गेले पाहिजेत. अडलं तर पाना उचलायचा नाही, काढायचं, पुन्हा पुसायचं, पुन्हा टक शोधायचा. मी शिकाऊ असताना असाच एक आटा पान्याने रेटला होता. फोरमन काही बोलला नाही, तो तुकडा आठवडाभर माझ्या टेबलावर ठेवून दिला.

चाकं तू तयार घेतेस, घे. पण आऊट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढायला शीक. माझ्याकडचा स्टँड देतो. बत्तीस तारा, एकावेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. जिथे चाक डावीकडे झुकतं तिथल्या उजव्या तारा ओढायच्या. पहिल्या दिवशी तू ते आणखी वाकडं करशील.

टॉर्कचा पाना विकत घेऊ नकोस, माझा आहे. स्टेमच्या बोल्टांवर 5 न्यूटन मीटर की 6 ते छापलेलं असतं, तेवढंच. तुझे वडील मदतीला आले तर त्यांना फोर्क धरायला सांग, पाना देऊ नकोस. त्यांचा हात मला माहीत आहे. घरच्या नळाची तोटी अजून गळतेय.

यादी सुधारून पाठव. मी परत तांबडं पेन घेऊन बसेन, मग पैसे भर. माल आल्यावर फोर्कची वरची नळी तिकडे कापून घेऊ नकोस, दुकानदार फुकट कापून देतो म्हणाला तरी. तशीच लांब घेऊन शनिवारच्या एसटीने ये. आधी त्या नळीवर सगळ्या रिंगा घालून गाडी उभी करू, तू वर बसशील, हँडल कुठे हवं ते ठरेल, मग त्याच्याही वर एक रिंग जास्तीची ठेवून खूण करू. हॅकसॉचं नवं पातं आणून ठेवलंय, बत्तीस दाती.

तुझा,
मामा

ता. क. – मामी म्हणते, येताना कंदी पेढे आण आणि माळ्यावरचं ते चाक घेऊन जा. चाक देणार नाही, पेढे आण.