वासाची तंबाखू

वाईट गोष्ट वाईटच राहू द्यावी, की तिला थोडे नटवून घरात घ्यावे? असले प्रश्न परीक्षेत आले असते तर मी ‘टीप लिहा’मध्ये टाळले असते. पण आमच्या मामांनी घरच्या घरी पाइपची तंबाखू सुगंधित करायचा कारखाना काढल्यापासून तो प्रश्न माझ्या मागे लागला आहे.

मामा जंगलखात्यातून निवृत्त झाले आणि केशोरीलाच राहिले. गोंदिया जिल्ह्यातले, अर्जुनी-मोरगाव तालुक्याचे हे गाव मिरचीसाठी नावाजलेले. हंगामात वाळत घातलेल्या मिरच्यांवरून वारा आला, की पाहुण्याला गावाची पाटी वाचावी लागत नाही. शिंकच सांगते. भोवती तेंदूचे जंगल. एप्रिल-मे महिन्यांत माणसे पहाटे उठून पाने तोडतात, सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधतात, आणि ती पाने कुठल्या कुठे जाऊन विड्या होऊन परत येतात. अशा गावात पाइप ओढणारे एकटे मामा. त्यामुळे तयार डबा मिळण्याचा प्रश्नच नाही. आंध्रातला एक मित्र त्यांना बर्ली जातीची साधी, वाळलेली पाने पाठवतो.

आता ही बर्ली म्हणजे तंबाखूतली गरीब गाय. हिच्यात स्वतःची साखर जवळजवळ नसतेच, म्हणून जे पाजाल ते ती पिते. व्हर्जिनिया जातीच्या पानात मुळातच गोडी असते, तिला एवढा साजशृंगार लागत नाही. मामांची कृती अशी : पानांच्या शिरा काढायच्या, पाने बारीक चिरायची, गुळाचे पातळ पाणी आणि कोकोची पूड यांचा हात फिरवायचा, सावलीत वाळवायचे. हे झाले अस्तर. मग वरचा वास. मोहाची वाळलेली फुले कोमट पाण्यात भिजवून त्या पाण्याचा शिडकावा, दोन थेंब व्हॅनिला, आणि बरणीत सफरचंदाची एक फोड. फोड दुसऱ्या दिवशी काढायचीच, नाहीतर बुरशी. त्यानंतर पंधरा दिवस बरणीला हात लावायचा नाही. चिमटीत दाबून सोडल्यावर तंबाखू हळूहळू फुलली की ती तयार. मामींच्या लोणच्याच्या बरणीला इतके सोवळे कधी मिळाले नाही.

“पण मामा, एवढं करून तुम्हाला तो वास लागतो का?” मी विचारले.

“फारसा नाही,” मामा म्हणाले. “ओढणाऱ्याच्या जिभेला थोडी गोडी लागते, आणि घाईने ओढलं तर चटका. वास मिळतो तो शेजारी बसलेल्याला.”

म्हणजे बघा! व्यसन मामांचे, वास लोकांचा. मामींनी अठ्ठावीस वर्षे साध्या तंबाखूच्या वासाबद्दल जे बोलायचे ते बोलून घेतले होते. सफरचंद आल्यापासून त्या पडवीतल्या खुर्चीवर येऊन बसू लागल्या. तेव्हा माझे मत असे झाले, की वास लावणे ही सभ्यता आहे. आपला दुर्गुण लोकांना सोसायला लावायचाच, तर निदान त्याला आंघोळ घालून बाहेर आणावे.

ही सभ्यता जुनी आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला असद बेग नावाचा अकबराचा एक अधिकारी आमच्या विजापूरहून तंबाखू घेऊन दरबारात गेला, तेव्हा त्याने ती गाठोड्यात बांधून नेली नाही. सुंदर मढवलेली, रत्ने जडवलेली नळी सोबत नेली. हकिमाने नको म्हटले, तरी बादशहाने झुरका घेतलाच. पुढे जहांगिराने 1617 साली बंदी घातली. बंदीचे काय झाले ते तुम्ही जाणताच. हुक्क्याची तंबाखू तर गूळ आणि मसाल्यांशिवाय कुणी भरतच नसे.

पण सभ्यतेचे हे मत मी चौकात घेऊन गेलो आणि ते तिथेच राहिले. आमच्या भागात खर्रा चालतो. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून असा घोटतात, की बघणाऱ्याचे मनगट दुखावे. टपरीवाल्याने मला विचारले, “साधा देऊ का वासाचा, गुरुजी?” मी काहीच नको म्हणालो. माझ्या मागे आठवीतला एक मुलगा उभा होता. त्याला विचारायची गरज पडली नाही. त्याला वासाचाच हवा होता. साधी तंबाखू पहिल्यांदा तोंडात टाकली तर मूल थुंकते. ती थुंकी म्हणजे देवाने तोंडाच्या दाराशी बसवलेला पहारेकरी. वास त्या पहारेकऱ्याच्या हातात चार पैसे ठेवतो. पुढे सुपारीने तोंडातली कातडी आखडत जाते, आणि पंचविशीच्या पोरांच्या तोंडात दोन बोटे मावत नाहीत. आमच्या विदर्भात अशी तोंडे शोधायला लांब जावे लागत नाही.

सरकारच्याही हे लक्षात आलेले दिसते. महाराष्ट्रात 2012 साली गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आली, पाठोपाठ सुगंधित तंबाखू आणि सुगंधित सुपारीही त्यात गेली. नुसती तंबाखू मात्र मोकळी. मला याचे पूर्वी फार हसू यायचे. खून माफ, अत्तर लावून केला तर फाशी! अमेरिकेने 2009 साली तसेच केले. सिगारेटला फळांचे, लवंगेचे वास लावायचे नाहीत म्हणाले, पण पाइपला सोडून दिले. पाइप म्हाताऱ्यांचा, त्यांना कोण बिघडवणार, असा हिशेब असावा. (पुदिन्याच्या सिगारेटीलाही त्यांनी सोडले. तो हिशेब मात्र गल्ल्यावरचा असावा.)

तरी मी मामांची बाजू सोडली नव्हती. टपरीवाला दुसऱ्याच्या तोंडासाठी वास लावतो, मामा स्वतःच्या. बरणीत काय आहे हे मामांना शिरेनिशी ठाऊक आहे. स्वतःला फसवायचा हक्क माणसाला असावा, आणि तोही पंधरा दिवस राबून कमावलेला. हा मुद्दा मी मामांना ऐकवला, तेव्हा ते खूश होऊन पाइप भरायला उठले.

बरणीपाशी त्यांचा चार वर्षांचा नातू बसला होता. झाकण उघडे, नाक आत. “आजोबा,” तो म्हणाला, “हा खाऊ मला कधी देणार?”

मामांनी बरणी काढून घेतली आणि वरच्या फळीवर ठेवली. मग खाली काढली आणि कुलपात ठेवली. मग कुलूप उघडून सगळी तंबाखू परसातल्या खड्ड्यात रिकामी केली. मला वाटले, आता पाइपही जाणार. तो गेला नाही. मित्राकडची नवी पाने आली, ती मामांनी तशीच, कोरडी, चिरून भरली. ना गूळ, ना मोह.

दुसऱ्या दिवशी मामींनी खुर्ची उचलून आत नेली. “अहो, त्यापेक्षा ते सफरचंद काय वाईट होतं?” त्या आतून म्हणाल्या.

मामांनी उत्तर दिले नाही. पाइप घेऊन ते अंगणात गेले. तिथे मिरच्या वाळत होत्या. नातू त्यांच्या मागे मागे गेला आणि शिंकत परत आला.