मोडक्या दात्याचा न्याय

एखादी वस्तू जुनी झाली, मोडली, की तिच्याविषयी आपण दोन निर्णय फार लवकर घेतो. एक तर ती भंगारात टाकतो, नाहीतर कानस हाती घेऊन लगेच धार लावायला बसतो. दोन्ही निर्णयांत पाहणे तेवढे राहून जाते. न्याय करण्यापूर्वी किती पाहावे, हा प्रश्न नीतिशास्त्राचा खरा. परंतु त्याचे एक चोख उत्तर लाकूडतोड्यांच्या करवतीपाशी सापडते.

अमेरिकेत १९६४ साली झालेल्या कायद्यानुसार, निसर्गस्थितीत राखलेल्या अरण्यांत यांत्रिक हत्यारे सहसा वापरता येत नाहीत. तेथे वाटेवर आडवा पडलेला वृक्ष आजही दोघांनी दोन टोकांना धरून ओढायच्या लांब करवतीने कापतात. जुन्या काळच्या चांगल्या पोलादाच्या करवती आता दुर्मीळ. म्हणून गंजलेली करवत पारखून कामास लावण्याची विद्या तेथे जपली गेली. वॉरन मिलर यांची या विषयावरील पुस्तिका तेथील वनखात्याने १९७७ मध्ये प्रसिद्ध केली.

या विद्येत धार लावणे शेवटी येते. आधी गंज उतरवायचा. वरवरचा गंज निघून जातो; पण दात्यांच्या मुळाशी गंजाने खोल खड्डे पाडले असतील, किंवा पात्याला चीर गेली असेल, तर ती करवत कामाची नव्हे, असे स्पष्ट सांगावे लागते. खोटी आशा ही दया नव्हे. मग सरळ पट्टी लावून पात्याचा वाक शोधायचा आणि तो ऐरणीवर हातोडीच्या बेताच्या ठोक्यांनी काढायचा. वाकड्या पात्यावर काढलेली धार कितीही तीक्ष्ण असली तरी करवत लाकडात अडखळतेच.

त्यानंतर दाते. सगळे दाते एका कामाचे नसतात. कापणारे दाते लाकडाचे तंतू दोन अंगांनी छेदतात. त्यांच्यामधले उकरणारे दाते तो छेदलेला भाग रंध्याप्रमाणे उचलून बाहेर काढतात. उकरणारा दाता इंचाच्या एकदोन शतांशांनी आखूड ठेवावा लागतो. नवख्याला तो उणेपणा वाटतो. परंतु समतेच्या नावाखाली तो इतरांच्या बरोबरीला आणला, तर न छेदलेले तंतू तो ओरबाडू लागतो आणि करवत जड चालते. म्हणजे आखूड असणे हा प्रत्येक वेळी दोष नसतो. कधी ते त्याचे नेमलेले कामच असते.

खरा पेच पुढे आहे. कापणाऱ्या दात्यांची टोके एका पातळीत आणण्यासाठी त्यांवरून कानस फिरवतात. उंच दाते झिजून नीच दात्यांच्या बरोबरीला येतात. पण एखादा दाता दगडावर आपटून निम्मा मोडलेला असला तर? त्याच्यासाठी सगळ्यांना खाली आणावे, तर करवतीचे कित्येक वर्षांचे आयुष्य एका दिवसात कानशीखाली जाते. त्याला समूळ काढून टाकावे, तर त्यातून साधते काहीच नाही. उलट पुढची शक्यता मात्र संपते. जाणता कारागीर तिसरी वाट धरतो. मोडका दाता तो आहे तसा राहू देतो. तो कापत नाही, पण अडवतही नाही. त्याचा वाटा शेजारचे दाते उचलतात. दर धारेला बाकीचे थोडे थोडे झिजत जातात, आणि एके दिवशी कानस त्यालाही टेकते. त्या दिवसापासून तो पुन्हा कामाला लागतो.

कोणी विचारील, तोवर इतरांनी त्याचा भार का वाहावा? प्रश्न रास्त आहे. परंतु दुर्बलाविषयीचा आपला न्याय बहुधा दोन टोकांमध्येच हेलकावे खातो: सर्वांना त्याच्या पातळीवर ओढावे, नाहीतर त्यालाच बाहेर काढावे. दोन्हींत निकालाची घाई आहे. कारागिराच्या न्यायात जागा आहे आणि काळही आहे. मात्र ही सवलत फक्त आखूड दात्याला. जो दाता इतरांहून वर डोकावतो किंवा प्रमाणाबाहेर बाजूस झुकतो, तो प्रत्येक ओढीला साऱ्या करवतीला अडवतो. त्याला कानस आणि हातोडी चुकत नाही.

कुटुंबात, शाळेत, संस्थेत माणसे पारखताना आपण प्रथम विचारतो, हा किती कमी पडतो? याने इतरांना अडते काय, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. या दोन प्रश्नांतील अंतर ज्याला कळले, त्याच्या हाती कानस द्यायला हरकत नाही.