मुलाखतीचा पोशाख आणि ईशपरायणतेचे वस्त्र

वस्त्र ही अल्लाहची देणगी आहे. दिव्य कुरआनच्या सूरह अल्-आराफमधील २६व्या आयतीत अल्लाह समस्त आदमसंततीला संबोधून वस्त्राचे दोन हेतू सांगतो. ते शरीर झाकते आणि ते शोभाही देते. त्यापाठोपाठ तो हेही स्पष्ट करतो की, ईशपरायणतेचे वस्त्र सर्वांत उत्तम आहे. लज्जा, शोभा आणि ईशभय या तिन्ही गोष्टी या एकाच आयतीत एकत्र आल्या आहेत. आपण मात्र पुष्कळदा त्यांतील एकच उचलतो.

श्रद्धावंत बंधुभगिनींनो, हा विषय आता आपल्या उंबरठ्यावर आला आहे. कर्जत-खालापूर परिसरातील आपल्या मुली एएनएम, जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग करतात, महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी करतात आणि अर्ज भरतात. कोणी कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात, कोणी कशेळ्याच्या ग्रामीण रुग्णालयात, कोणी पनवेलच्या खाजगी इस्पितळात काम शोधते. जिल्हा परिषदेच्या भरतीसाठी थेट अलिबाग गाठावे लागते. मुलाखतीचे पत्र येते आणि घरात वाद सुरू होतो. एक म्हणतो, ‘एका दिवसापुरती ओढणी डोक्यावरून काढ, नोकरी लागली की पाहू.’ दुसरा म्हणतो, ‘असे असेल तर नोकरीच नको.’ जिने तीन-चार वर्षे अभ्यास केला, तिचे मत विचारण्याचे दोघांनाही सुचत नाही.

प्रथम हे समजून घ्या की, रुग्णसेवा हे मुस्लिम स्त्रीसाठी परके क्षेत्र नाही. खंदकच्या लढाईत, हिजरी ५ मध्ये, हजरत सअद बिन मुआज (रजि.) जखमी झाले, तेव्हा त्यांना हजरत रुफैदा (रजि.) यांच्या देखरेखीखाली ठेवण्यात आले. जखमींवर उपचार करणे हे त्यांचे काम होते. हजरत उम्मे अतिय्या (रजि.) यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यासमवेत सात मोहिमांत भाग घेतला; त्या जेवण रांधीत, जखमींची मलमपट्टी करीत आणि आजाऱ्यांची शुश्रूषा करीत, असे हदीसग्रंथ सांगतात. या स्त्रियांनी लज्जा सोडली नाही आणि सेवाही सोडली नाही. ज्याने एक जीव वाचविला त्याने जणू सर्व मानवजातीला वाचविले, ही सूरह अल्-माइदाची शिकवण त्यांनी हातांनी आचरली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. अशा प्रसंगी जखमीला प्रशिक्षित हात हवा असतो. तो हात आपल्या घरातून गेला तर ते पुण्यकर्म आहे.

आता प्रत्यक्ष पोशाखाकडे वळू. मुलाखतीसाठी साधा, फिक्या किंवा गडद एकरंगी, सैल आणि इस्त्री केलेला सलवार-कमीज उत्तम. डोक्यावर छोटा, घट्ट बसणारा स्कार्फ पिनेने नीट लावावा आणि त्याची टोके आत खोचावीत. लोंबणारी ओढणी खाटेच्या कठड्यात वा सलाईनच्या नळीत अडकते, एका रुग्णाचे जंतू दुसऱ्याकडे नेते. निवड करणाऱ्या मेट्रनच्या ध्यानात हे आधी येते. पायांत बंद, आवाज न करणारी चप्पल वा बूट असावेत. नखे कापलेली असावीत; नखे कापणे ही तर आपली सुन्नतच आहे. नेलपॉलिशने नखापर्यंत पाणी पोहोचत नाही, म्हणून वुजू अपुरा राहतो आणि रुग्णालयही ते नाकारते. अंगठ्या, बांगड्या व उग्र अत्तर घरी ठेवावे. पावसाळ्यात कर्जतहून निघताना कागदपत्रे प्लास्टिकच्या फाईलमध्ये आणि कपड्यांचा एक कोरडा जोड पिशवीत असू द्यावा.

चेहऱ्याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. तथापि अनेक विद्वानांनी चेहरा व तळहात यांना पडद्यातून वगळले आहे. इहरामच्या अवस्थेत तर स्त्रीला निकाब घालण्याची मनाई आहे. मुलाखत घेणाऱ्यांना ओळख पटवावी लागते आणि भेदरलेल्या रुग्णाला परिचारिकेचा चेहरा पाहून धीर येतो, हेही विचारात घ्यावे.

बाह्यांचा प्रश्न अधिक अवघड आहे. रुग्णाला हात लावण्यापूर्वी हात नीट धुता यावेत म्हणून अनेक ठिकाणी कोपरापासून खाली बाही चालत नाही. हा नियम धर्माविरुद्ध नसून रुग्णाच्या प्राणासाठी आहे. ब्रिटनच्या आरोग्य विभागाने २०१० च्या मार्गदर्शनात यातून वाट काढली: धार्मिक कारणाने हात झाकणाऱ्यांनी धुताना व उपचार करताना बाही वर सरकवून पक्की करावी, किंवा एकदाच वापरून टाकावयाच्या बाह्या घालाव्यात. दिवसातून पाच वेळा कोपरापर्यंत हात धुणाऱ्या समाजाला स्वच्छतेचा हा आग्रह परका वाटू नये.

म्हणून भगिनींनो, मुलाखतीत काही लपवू नका. एका दिवसासाठी स्कार्फ काढून नंतर घालणे म्हणजे सेवेचा आरंभ आडपडद्याने करणे होय. शांतपणे विचारा, ‘गणवेशासोबत त्याच रंगाचा स्कार्फ आणि पूर्ण बाही चालेल का? उपचाराच्या वेळी मी बाही वर करीन.’ राज्यघटनेचे २५वे कलम धर्माचरणाचे स्वातंत्र्य देते, परंतु आरोग्याच्या अधीन राहून. हे ध्यानात ठेवून बोललात तर तुमचे म्हणणे हट्ट वाटणार नाही. नकार मिळाला तर खचू नका. जो अल्लाहचे भय बाळगतो त्याच्यासाठी तो वाट काढतो आणि कल्पनाही नसेल तेथून उपजीविका देतो, हे सूरह अत्-तलाकमधील आश्वासन आहे.

आणि पित्यांनो, बंधूंनो! सूरह अन्-नूरमध्ये नजर खाली ठेवण्याचा आदेश आधी पुरुषांना आहे, नंतर स्त्रियांना. मुलीच्या ओढणीची लांबी मोजण्यापूर्वी आपल्या नजरेचा हिशेब घ्या. रात्रपाळी संपवून ती पहाटेच्या लोकलने परतेल तेव्हा स्थानकावर तिला घ्यायला कोण जाणार, हे आधी ठरवा. तिच्या लज्जेचे रक्षण करण्याची जबाबदारी एकट्या स्कार्फवर टाकू नका.

हे अल्लाह! आमच्या मुलींना ईशपरायणतेचे वस्त्र प्रदान कर, त्यांच्या हातांत आरोग्य ठेव आणि त्यांच्यासाठी सन्मानाच्या उपजीविकेची दारे उघड. आमीन.