ओळखीच्या गावात निरोध

गोंदियात कंडोम मिळत नाही, असे कुणी म्हणणार नाही. शहरात मेडिकलच्या दुकानांची वाण नाही. सरकारी दवाखान्यात निरोध फुकट मिळतो आणि विकतच्या पाकिटावर जीएसटीसुद्धा नाही. तरीही कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींच्या हाती तो वेळेवर पडत नाही. त्याला पैसा कारण नाही, मालाचा तुटवडाही नाही. कारण आहे ओळख.

सालेकसा, देवरी, तिरोडा, अर्जुनी मोरगाव इथली पोरे शिकायला गोंदियात रूम करून राहतात, नाहीतर रोज एसटीने किंवा रेल्वेने ये-जा करतात. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या १३ लाख २२ हजार होती. एवढ्या जिल्ह्यात नातीगोती दाट विणलेली असतात. मेडिकलच्या काउंटरवरचा माणूस मामाच्या गावचा निघतो, शेजारी उभी असलेली बाई वर्गमैत्रिणीची मावशी असते. मग मुलगा आधी डोकेदुखीची गोळी मागतो, दुकान रिकामे होण्याची वाट पाहतो, तेवढ्यात नवे गिऱ्हाईक येते आणि तो गोळी खिशात टाकून निघून जातो. मुलगी तर त्या काउंटरपर्यंत जातच नाही. तिने पाकीट मागितले तर दुसऱ्या दिवशी काय होईल, याचा हिशेब तिने आधीच केलेला असतो.

सरकारी वाट याहून अवघड आहे. २०११ पासून आशाताईंनी निरोध आणि गर्भनिरोधक गोळ्या घरपोच द्याव्यात, अशी योजना सुरू झाली. योजना चांगलीच आहे. खेड्यातल्या सुनेला त्यासाठी दवाखान्याची पायरी चढावी लागत नाही. पण आशाताईंच्या हातातली नोंदवही ‘पात्र जोडप्यां’ची आहे आणि पात्र म्हणजे विवाहित. एकोणीस वर्षांची, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली मुलगी त्या वहीत कुठेच बसत नाही. कुटुंब नियोजन हा आपल्याकडे पहिल्यापासून कुटुंबाचा विषय राहिला. ज्याचे कुटुंब अजून झालेले नाही, त्याच्या शरीराची जबाबदारी कुणाची, हे सरकारी कागदात धड ठरलेले नाही.

हा प्रश्न नवा नाही आणि परदेशातून आलेलाही नाही. मराठी माणसाने तो शंभर वर्षांपूर्वी हाती घेतला होता. विल्सन कॉलेजात गणित शिकवणारे रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. या कामापायी त्यांची नोकरी गेली. पत्नी मालतीबाई सोबत उभ्या राहिल्या. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालवले. या मासिकात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे दिली जात. जे आईबापांना, डॉक्टरांना, मित्रांनाही विचारता येत नाही, ते माणसे पोस्टाने विचारत. कर्वे आडपडदा न ठेवता, शास्त्राला धरून उत्तर देत. ज्ञान द्यायचे तर ज्याला ते हवे आहे त्याची लाज आधी सांभाळली पाहिजे, हे त्यांना पुरते उमगले होते.

या प्रश्नोत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये त्यांचे वकीलपत्र घेतले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्यावरून लेखन अश्लील ठरत नाही, ही त्यांची भूमिका होती. ते खटला हरले आणि कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. पण बाबासाहेबांनी विषय सोडला नाही. १९३८ मध्ये त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला. तोही फेटाळला गेला. हेच बाबासाहेब १९५४ मध्ये भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले. तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होते. गोंदियाच्या चौकाचौकांत त्यांची जयंती उत्साहाने साजरी होते. तिथल्या भाषणांत या खटल्याची आणि या ठरावाचीही आठवण निघायला हवी.

पुढे काळ बदलला, भीती मात्र तीच राहिली. शाळांमधून किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम केंद्राने आणला, तेव्हा २००७ मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी तो अडवला. पुस्तिकेतल्या चित्रांवर आमदारांचा आक्षेप होता. डिसेंबर २०१७ मध्ये कंडोमच्या जाहिराती दूरचित्रवाणीवर फक्त रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत दाखवाव्यात, असे केंद्राने बजावले. परिणाम वर्गात दिसतो. दहावी-बारावीच्या विज्ञानात प्रजननाचा धडा असतो, परीक्षेत त्यावर गुणही असतात, आणि अनेक वर्गांत शिक्षक ‘हा घरी वाचा’ म्हणून पुढच्या धड्याकडे वळतात. शिक्षकाला दोष देऊन भागणार नाही. त्याला कुणी हे शिकवायला शिकवलेलेच नाही आणि उद्या एखादा पालक चिडून आला तर त्याच्या पाठीशी कुणी उभे राहील, याची त्याला खात्री नाही.

ही रिकामी जागा रिकामी राहत नाही. रेल्वेरुळांकडेच्या भिंतींवर ‘गुप्तरोग’ आणि ‘शक्ती’च्या जाहिराती रंगवलेल्या असतात. स्वप्नात वीर्य गेले म्हणून मुले स्वतःला आजारी समजतात आणि भिंतीवरच्या वैद्याकडे पैसे ओततात. उरलेले शिक्षण मोबाइलवरची अश्लील चित्रफीत करते, जिच्यात ना संमती असते ना कंडोम.

मुले बिघडतील, ही पालकांची धास्ती खरी आहे. ती हसण्यावारी नेऊ नये. पण जगभरचे अभ्यास तपासून युनेस्कोने २००९ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्याचा निष्कर्ष स्पष्ट आहे: नीट दिलेल्या लैंगिक शिक्षणाने मुले लवकर संबंधांकडे वळत नाहीत. उलट उशीर होतो आणि संबंध आलेच तर साधन वापरले जाते.

युनेस्कोपर्यंत जायचीही गरज नाही. अर्जुनी मोरगावच्या पलीकडे गडचिरोली जिल्हा लागतो. तिथे डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ने तो अभ्यास छापला. त्यातल्या ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते आणि आधी उपचार घेतलेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. जगभर गाजलेले हे आकडे झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या बायकांनी मुकाट्याने सोसलेल्या दुखण्याचे आहेत. याच कामातून पुढे राणीताईंचा ‘तारुण्यभान’ कार्यक्रम उभा राहिला. मुले आणि मुली एकत्र बसतात. शरीर, पाळी, आकर्षण, प्रेम, गर्भनिरोधन, गुप्तरोग यांवर मराठीत, नेहमीच्या आवाजात बोलले जाते. विदर्भातल्या कॉलेजांनी हे पाहिले आहे आणि त्याने कुठलेही कॉलेज बिघडलेले नाही.

असे बोलणे किती साधे असू शकते, ते पाहा. कंडोमचे पाकीट हातात घ्यायचे आणि मुदत वाचायची. बोटांनी दाबून पाहायचे, आत हवेचा फुगा जाणवला पाहिजे. दातांनी किंवा कात्रीने फोडायचे नाही. टोक चिमटीत धरून हवा काढायची, मग चढवायचा. एका वेळी एकच, दोन घातले तर घासून फाटतात. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावायचे नाही, लॅटेक्स त्याने काही मिनिटांत कमजोर होते. आणि उन्हात ठेवायचा नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा गाडीच्या डिक्कीत महिनाभर पडलेल्या पाकिटावर विसंबणे धोक्याचे आहे. सगळे सांगायला दहा मिनिटे लागतात. ही दहा मिनिटे न मिळाल्याने किती मुलींची वर्षे वाया जातात, याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

कारण किंमत मोजते ती मुलगी. घाबरलेली जोडपी मेडिकलमधून ‘बहात्तर तासांची गोळी’ आणतात. ती आणीबाणीसाठी आहे, गर्भ राहिल्यावर तिचा उपयोग नाही आणि एचआयव्हीपासून ती अजिबात वाचवत नाही. त्यानंतरची पायरी म्हणजे डॉक्टरला न विचारता, ओळखीच्या ओळखीतून आणलेल्या गर्भपाताच्या गोळ्या. वास्तविक १९७१ च्या कायद्याने गर्भपात काही अटींवर कायदेशीर आहे. त्या कायद्याचा पाया ज्या समितीने घातला, तिचे अध्यक्ष महाराष्ट्राचेच आरोग्यमंत्री शांतिलाल शाह होते. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की वीस ते चोवीस आठवड्यांच्या गर्भपाताच्या सवलतीतून अविवाहित स्त्रीला वगळता येणार नाही. हा निकाल गोंदियातल्या किती वसतिगृहांपर्यंत पोचला?

अठरा वर्षांखालच्या मुलींची अडचण आणखी बिकट आहे. अकरावी-बारावीचे वर्ग अनेकदा पदवीच्याच आवारात भरतात. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार या वयात संमतीला अर्थ नाही आणि कळलेला गुन्हा पोलिसांना कळवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. मुलांवरचे अत्याचार रोखायला हा कायदा हवाच. पण वर्गमित्राच्या प्रेमात पडलेली सतरा वर्षांची मुलगी पोलिसांच्या धाकाने दवाखान्यात येतच नाही, हेही घडते. त्याच २०२२ च्या निकालात न्यायालयाने यावर मार्ग दिला आहे: मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरने कळवताना तिचे नाव उघड करण्याची गरज नाही. प्रत्येक प्राचार्याला आणि प्रत्येक रेक्टरबाईंना हे तोंडपाठ असायला हवे.

आजची लाजरी मुले उद्याची जोडपी होतात, तेव्हा काय होते तेही आकड्यांत आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के जणींनी नसबंदी केली होती, कंडोमवर विसंबणाऱ्या ९.५ टक्के होत्या. पुरुष नसबंदीचे प्रमाण ०.३ टक्के. दोन लेकरे झाली की बाईने ‘ऑपरेशन’ करून घ्यायचे, हीच रीत. विशीतल्या ज्या मुलाने कधी कंडोम हातात धरला नाही, तो तिशीत जबाबदारी उचलेल, ही अपेक्षा फोल आहे.

नवी इमारत किंवा नवी योजना लागणार नाही, जे आहे तेच उघडे करायचे आहे. २०१६ पासून गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय आहे. २०१४ च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातली मैत्री क्लिनिके किशोरवयीनांसाठीच आहेत. कॉलेजांत एड्सजागृतीचे रेड रिबन क्लब असतात, पण बहुतेकांचे वर्ष १ डिसेंबरच्या एड्स दिनाच्या रॅलीवर आणि रांगोळीवर संपते. या क्लबांनी वसतिगृहाच्या आणि कॉलेजच्या स्वच्छतागृहात निरोधची पेटी ठेवावी, मुलांकडे आणि मुलींकडेही. जिथे कुणी पाहत नाही, नाव विचारत नाही, वहीत लिहीत नाही. रोज नजरेला पडणाऱ्या भिंतीवर १०९७ हा एड्सविषयक मोफत हेल्पलाइन क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहावा. प्रश्नांसाठी चिठ्ठ्यांचा डबा ठेवावा आणि दर महिन्याला वैद्यकीय महाविद्यालयातल्या एका डॉक्टरने येऊन त्या चिठ्ठ्या सर्वांसमोर वाचून उत्तरे द्यावीत. कर्व्यांनी पोस्टाने केले, तेच इथे समोरासमोर करता येईल.

भाऊबीज झाली की झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते, रात्ररात्र नाटके आणि दंडारी रंगतात. सासरी गेलेल्या लेकी, शहरात शिकणारी पोरे, सगळी गावात असतात. त्यानंतर राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची निवासी शिबिरे लागतात. गोंदिया जिल्ह्यातल्या प्राचार्यांना आणि कार्यक्रम अधिकाऱ्यांना विनंती आहे: यंदाच्या शिबिराच्या वेळापत्रकात एक दुपार या विषयाला द्या, मुलामुलींना एकत्र बसवा, डॉक्टरांना बोलवा, आणि पहिल्या प्रश्नाला कुणी हसले तर तुम्ही हसू नका.