पुरावा कोणी द्यायचा?

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीआधी शनवाऱ्यातला एक पॉवरलूम कामगार माझ्याकडे आला. आमच्याच शाळेचा जुना विद्यार्थी. दर दोन वाक्यांनी श्वासासाठी थांबायचा. म्हणाला, "सर, चौऱ्याऐंशी साली आम्ही भोपाळला होतो. वडील हमाली करायचे. त्या रात्री मीही गॅसमध्ये सापडलो. दाखल्यावर 'भोपाळहून आला' एवढं लिहून द्या."

रजिस्टरात 'मागील शाळा' हा रकाना कोरा होता. "नोंद नाही ते कसं लिहू?" म्हणत मी त्याला परत पाठवले. नियमाने मी बरोबर होतो. सुटीनंतर जुने प्रवेशअर्ज पाहावेत म्हणून कपाट उघडले, तर त्या वर्षीचा गठ्ठा वाळवीने खाल्लेला! कागद सांभाळायचा आम्ही, गमावला आम्ही. शिक्षा मात्र त्याला.

अमेरिकेने १९५१ पासून नेवाडाच्या वाळवंटात अणुस्फोट केले. तेथे राबलेल्या मजुराने आपल्या शरीरात किती किरणोत्सर्ग शिरला, हे चाळीस वर्षांनी कसे सिद्ध करावे? १९९० च्या कायद्याने ते ओझे उतरवले. उघड्यावरील चाचणीच्या वेळी तो तेथे होता आणि यादीतला रोग त्याला झाला, एवढे दाखवले की पुरे. भरपाई ७५ हजार डॉलर, शिवाय राष्ट्राच्या वतीने क्षमायाचना. हा कायदा २०२४ मध्ये संपुष्टात आला. २०२५ मध्ये पुन्हा जिवंत झाला, तेव्हा रक्कम एक लाख झाली. म्हणजे तिथेही न्याय सहज मिळालेला नाही.

भोपाळचा हिशेब १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर मिटवला गेला. बहुतेक जखमींच्या हाती प्रथम २५ हजार रुपये पडले. वाढीव भरपाईची याचिका २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली.

कोणी म्हणेल, पुरावा सैल केला तर खोटे दावेदार घुसतील. घुसतील काही. पण शंभर अपराधी सुटले तरी चालतील, एका निरपराध्याला शिक्षा नको, असे आपण मुलांना शिकवतो. मग आरोपीला दिलेला संशयाचा फायदा पीडिताला का नाही? ज्याच्या हाती कारखाना, दफ्तर आणि शिक्का, त्यानेच 'हा तेथे नव्हता' हे सिद्ध करावे.

खोटी नोंद मी आजही करणार नाही. पण 'आमचे कागद नष्ट झाले आहेत, दोष विद्यार्थ्याचा नाही' हे खरे वाक्य मला लिहून देता आले असते. ते आता लिहून, सही-शिक्का करून टेबलाच्या खणात ठेवले आहे. तो मात्र अजून फिरकलेला नाही. या सुटीत त्याचे घर शोधायला मलाच निघायचे आहे.