सर्वांस एकच माप, हा न्याय होय काय?

आमच्या शब्बाथशाळेत एक मुलगी नेमाने येत असे. परंतु प्रश्न विचारिला की खाली मान घालून उगी राही. ती मंद बुद्धीची आहे असा ग्रह आम्ही करून घेतला होता, हे कबूल करावयास आम्हांस लाज वाटते. एके दिवशी पाठ संपल्यावर तीच मुलगी ओट्यावर बसलेल्या आपल्या आजीस योसेफाची सगळी हकीकत अहिराणीत सांगत असलेली आम्ही ऐकिली. तीत कोठेही चूक नव्हती.

दोंडाईचा गावाच्या आसपासच्या खेड्यांतील पुष्कळ मुले अहिराणी बोलतच शाळेत येतात. भिल्ल वस्त्यांतील मुलांची बोली आणखी निराळी. पुस्तक मात्र सर्वांस एकाच, पुणेरी वळणाच्या मराठीत मिळते. एखाद्याने 'मला' याऐवजी 'माले' म्हटले की वर्ग हसतो, आणि दोन-चार वेळा असे झाले म्हणजे ते मूल बोलावयाचेच सोडते. गुरुजी म्हणतात, "आम्ही पक्षपात करीत नाही; सर्वांस तेच पुस्तक, तीच परीक्षा." त्यांचे म्हणणे खोटे नाही. परंतु ज्याच्या घरी पुस्तकाची भाषा चालते त्यास धडाच तेवढा शिकावयाचा असतो, आणि दुसऱ्यास धड्याआधी भाषा शिकावी लागते. दोघांस वेळ मात्र सारखाच!

तेव्हाच्या मुंबई इलाख्यात, धारवाडच्या सरकारी शाळेत, १८५६ साली एका मुलास तो महार म्हणून प्रवेश नाकारण्यात आला होता. तो अन्याय कोणासही दिसे, कारण दारच बंद होते. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास मोफत शिक्षणाचा हक्क दिला, आणि होईल तेथवर शिक्षण मातृभाषेतून द्यावे असेही त्यात लिहिले. दार उघडले खरे. पण आत येऊन मुकाट बसलेले मूल हजेरीपटावर हजरच दिसते.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी ठाणे जिल्ह्यात (आता पालघर) बोर्डी येथे व पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये काम केले. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरविली. मुले का येत नाहीत म्हणून आईबापांस बोल लावण्यापेक्षा हे किती कठीण, याची कल्पना आमच्या शिक्षक बंधूंस असेलच.

आता आईबापांचीच एक हरकत आहे, व ती आम्हांस वजनदार वाटते. ते म्हणतात, "घरची बोली घरी आहेच; साहेबांपुढे उभे राहावयास पुस्तकाची मराठी शिकवा." ती शिकविलीच पाहिजे, न शिकविणे हा गरिबाच्या मुलाशी दुसरा अन्याय होईल. परंतु आईची बोली तोंडातून काढून टाकल्यावाचून ती येत नाही, हे आम्हांस पटत नाही.

आम्ही आता प्रथम मुलांस त्यांच्या बोलीत गोष्ट सांगू देतो, मग तीच पुस्तकी मराठीत वदवून घेतो. यास दुप्पट वेळ लागतो, आणि पाठ अर्धा राहतो म्हणून एका वडिलांनी तक्रारही केली आहे. त्या मुलीने मात्र गेल्या रविवारी भर वर्गात आमची अहिराणी दोनदा सुधारिली.